जपानी चीजकेक कुठून आला ते कळलं की घरी का जमतो

ज्यांनी कधी रात्री दही फडक्यात बांधून टांगून ठेवलंय आणि सकाळी चक्का काढलाय त्यांना जपानी चीजकेकची, म्हणजे त्या कापसासारख्या हलक्या, थरथरणाऱ्या केकची, निम्मी गोष्ट आधीच माहितीये. कारण हा केक जिथून निघाला तिथे, म्हणजे जर्मनीत, चीजकेकला क्रीम चीज लागतच नाही, तिथे क्वार्क घालतात, आणि क्वार्क म्हणजे दूध आंबवून, पाणी निथळून उरलेला पांढरा मऊ गोळा. आपल्या चक्क्याचा चुलतभाऊच म्हणा ना. जर्मन लोक त्यात अंडी, साखर, थोडं लिंबू घालून भाजतात आणि त्याला म्हणतात केझेकूखन.

मी ही पोस्ट लिहितीये कारण रेसिपी शोधायला गेलं की ग्रॅम मिळतात, तापमान मिळतं, व्हिडिओत थरथरणारा केक दिसतो, पण अमुक गोष्ट अशीच का करायची ते कुणी सांगत नाही आणि मग घरी केक फुटतो नाहीतर बसतो. मी ओसाकात दोन वर्षं राहून आले, तिथे हा केक आठवड्याला एकदा तरी पोटात जायचा, आणि पुण्यात परत आल्यावर ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये, करायला लागले तेव्हा माझे पहिले तीन केक लागोपाठ मधोमध चिरले. चौथा जमला तो रेसिपी बदलून नाही. या केकमधली एकेक स्टेप कुठून आली ते समजल्यावर जमला. म्हणून आधी गोष्ट सांगते आणि मग कृती. गोष्ट गाळून खाली जाऊ नका, कृतीतली बरीचशी उत्तरं तिच्यातच आहेत.

जपानमध्ये दुधाचे पदार्थ नव्हतेच असं आपल्याला वाटतं, पण नारा आणि हेआन काळात, म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वी, दरबारात 'सो' नावाचा पदार्थ जायचा. दूध आटवत आटवत दहाव्या हिश्शावर आणायचं आणि घट्ट वडी धरायची. हो, तुमच्या डोक्यात आलं तेच, खवा! २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे जपानी शाळा बंद झाल्या आणि शाळेच्या जेवणात जाणारं दूध पडून राहायला लागलं, तेव्हा तिथले लोक घरोघरी सो आटवत बसले होते आणि फोटो टाकत होते, ते फोटो बघून मला आजीची लोखंडी कढई आठवली. पण मधल्या शेकडो वर्षांत हा पदार्थ मागे पडला आणि सामान्य माणसाच्या ताटात दूध-लोणी फारसं राहिलंच नाही. मग मेजी काळात पाश्चात्त्य लोक आले, १८७५ मध्ये होक्काइदोतल्या नानाएच्या सरकारी शेतावर चीज करून बघितलं गेलं, पण लोकांना तो वास झेपेना. जपानीत एक शब्दच आहे, 'बाता-कुसाई', अर्थ लोण्याचा वास मारणारं, आणि वापरतात जे जरा जास्तच परदेशी वाटतं त्याच्यासाठी. हा शब्द लक्षात ठेवा. अख्खा जपानी चीजकेक म्हणजे एका अर्थी बाता-कुसाई नसलेला चीजकेक कसा करायचा याचं उत्तर आहे.

आता कोबे. कोबे हे बंदराचं शहर, परदेशी लोकांची वस्ती जुनी, त्यामुळे केक-पेस्ट्रीच्या बाबतीत हे गाव कायम पुढे. कार्ल युखहाइम नावाचा जर्मन बेकर, पहिल्या महायुद्धात चीनमधल्या छिंगदाओत जपान्यांच्या हाती सापडला, युद्धकैदी म्हणून जपानला आणला गेला, आणि १९१९ मध्ये हिरोशिमातल्या एका प्रदर्शनात त्याने बाउमकूखन, म्हणजे थरांथरांचा जर्मन केक, भाजून विकला. ज्या इमारतीत ते प्रदर्शन भरलं होतं तीच आज अणुबॉम्बची आठवण म्हणून उभी आहे, तो घुमटाचा सांगाडा. सुटल्यावर त्याने योकोहामात दुकान टाकलं, १९२३ च्या मोठ्या भूकंपात ते गेलं, मग तो कोबेत आला. म्हणजे जर्मन केकची चव कोबेला चीजकेकच्या कितीतरी आधीपासून माहिती होती. त्याच सुमाराला रशियन क्रांतीतून निघालेले फ्योदोर मोरोझॉफ कोबेत चॉकलेटं करायला लागले, १९३१ मध्ये त्यांच्या नावाची कंपनी उभी राहिली आणि तिच्या उभारणीत कुझुनो तोमोतारो नावाचे जपानी भागीदार होते. मोरोझॉफ कुटुंब पुढे त्या कंपनीतून बाहेर पडलं, नाव मात्र राहिलं आणि कुझुनो अध्यक्ष झाले.

हे कुझुनो साहेब बर्लिनला गेले असताना त्यांनी तिथला केझेकूखन खाल्ला आणि तो त्यांच्या मनात इतका बसला की परत आल्यावर त्यांनी कंपनीत तसा केक करायला घेतला. मोरोझॉफचा क्रीम चीजकेक १९६९ मध्ये बाजारात आला. चीज डेन्मार्कचं वापरलं, अजूनही त्या केकच्या नावात डेन्मार्क आहे. हा केक फुगीर नाही बरं का, तो भाजलेला, दाटसर, ओलसर, वर सोनेरी.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण नेटवर जिथे बघाल तिथे लिहिलेलं सापडेल की १९४७ मध्ये एका जपानी शेफने बर्लिनहून येऊन हा केक शोधला. जरा विचार करा. १९४७ मध्ये बर्लिन ढिगाऱ्यात होतं, जपान अमेरिकन सैन्याच्या ताब्यात होता, जपान्यांना देशाबाहेर पडणं जवळपास अशक्य होतं आणि नुसतं फिरायला म्हणून परदेशी जायची मोकळीक तर १९६४ मध्ये मिळाली. शिवाय कुझुनो शेफ नव्हते, कंपनी चालवणारे होते. एकाने लिहिलं की दुसरा उचलतो, तिसरा रीलवर बोलतो, असं ते १९४७ फिरत राहिलंय. तुम्ही लिहाल तेव्हा १९६९ लिहा.

सत्तरच्या दशकात जपानमध्ये चीजकेकची लाटच आली. १९७० आणि ७१ मध्ये 'आनआन' आणि 'नॉननो' ही तरुण मुलींची मासिकं सुरू झाली होती, त्यातल्या फोटोंतून कॅफे, गावं, खाणं सगळं पसरायचं, आणि घराघरात फ्रीज आलेला होता. त्यात तीन घराणी तयार झाली, जपानी माणूस आजही असंच विचारतो की तुला कुठला आवडतो, बेक्ड, रेअर की सुफ्ले. बेक्ड म्हणजे मोरोझॉफसारखा. रेअर म्हणजे न भाजता जिलेटिनवर सेट केलेला, तोक्योत आकासाकाला शिरोताए नावाचं १९७६ पासूनचं दुकान आहे तिथला प्रसिद्ध आहे. आणि सुफ्ले म्हणजे तो थरथरणारा, कापसासारखा, ज्याला बाहेरचं जग जपानी चीजकेक म्हणतं आणि मलेशिया-सिंगापूरकडे कॉटन चीजकेक म्हणतात. होक्काइदोतल्या ओतारूचं लेताओ १९९८ मध्ये सुरू झालं, त्यांच्या केकमध्ये खाली भाजलेला थर आणि वर रेअर थर असे दोन्ही एकत्र असतात, तोही खाल्लाय, फार सुंदर, पण तो आजचा विषय नाही.

सुफ्ले प्रकार एका दिवशी एका माणसाच्या डोक्यातून निघाला असं मला वाटत नाही, त्याच्यात निदान तीन परंपरा दिसतात. एक फ्रेंच सुफ्ले, अंड्याचा पांढरा भाग फेसून मिश्रणात मिसळायचा आणि त्यातल्या हवेवर पदार्थ वर चढवायचा. दुसरा अमेरिकन शिफॉन केक, लॉस एंजेलिसच्या हॅरी बेकरने १९२७ मध्ये केलेला, त्यातही वेगळा फेसलेला पांढरा भाग. आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, कास्तेला. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजं नागासाकीला जायची, आणि ती निघायची आपल्या गोव्यातून, गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी असा तो मार्ग. त्या जहाजांबरोबर अंडी-साखर-मैद्याचा केक जपानला पोचला आणि जपान्यांनी तो इतका आपला केला की १६२४ पासूनचं कास्तेलाचं दुकान नागासाकीत अजून चालू आहे. कास्तेलात ना लोणी, ना तेल, ना बेकिंग पावडर. फुगवायचं सगळं काम अंडं करतं. म्हणजे चीजकेक यायच्या आधी साडेतीनशे वर्षं जपानी हलवायांचा हात अंड्याच्या फेसावर बसलेला होता. सुफ्ले चीजकेकमध्ये पण बेकिंग पावडर नसते हे आता आश्चर्य वाटायला नको.

आणि हलका का केला? अमेरिकन न्यूयॉर्क स्टाईल चीजकेकला एका मोठ्या टिनला ९०० ग्रॅमच्या आसपास क्रीम चीज जातं, जपानी सुफ्लेला २०० ते २५०. जपानात गोड पदार्थाची तारीफ करायची तर म्हणतात 'आमासा हिकाएमे', म्हणजे गोडी हात राखून घातलीये. आपल्याकडे पाहुणा म्हणेल गोड कमी झालंय, तिथे तीच शाबासकी.

ओसाकात नांबा भागात रिकुरो ओजिसान, म्हणजे रिकुरोकाकांचं दुकान आहे, त्यांनी १९८४ च्या सुमारास ताजा भाजलेला सुफ्ले चीजकेक विकायला सुरुवात केली. मी राहायचे तिथून मेट्रोने दहा मिनिटं. काचेपलीकडे सगळं दिसतं. ओव्हन उघडतो, ट्रेभर केक बाहेर येतात, सगळे एकसाथ हलत असतात, मग एक जण तापलेला लोखंडी शिक्का एकेका केकवर टेकवतो, 'च्स्स' असा बारीक आवाज येतो आणि काकांचा हसरा चेहरा उमटतो, जळलेल्या साखरेचा वास सुटतो, आणि लगेच हातातली घंटा वाजते की ताजे निघाले. घंटा ऐकून रांगेतली माणसं पण जरा पुढे सरकतात. केक १८ सेंटिमीटरचा, तळाला बेदाणे. तिकडे फुकुओकात हाकाताला तेत्सुकाका आहेत, त्यांचाही केक शिक्का मारलेला, आणि जगभर जास्त गेला तो त्यांचा. २०१५ मध्ये टोरांटोला त्यांचं दुकान उघडलं तेव्हा लोक तासन्तास उभे होते.

बरं, आता कृती. १८ सेंटिमीटरचा गोल टिन, उंच कडांचा. रिकुरोकाकांचं प्रमाण मला माहीत नाही आणि हे त्यांचं नाहीच, हे माझं पुण्यात बसलेलं प्रमाण आहे. क्रीम चीज २०० ग्रॅम, बिनमिठाचं लोणी ४० ग्रॅम, दूध १०० मिली, मध्यम अंडी ५, बारीक साखर १०० ग्रॅम, मैदा ४५ ग्रॅम, कॉर्नफ्लॉर १५ ग्रॅम, लिंबाचा रस एक मोठा चमचा, आणि मूठभर बेदाणे. बेदाणे तासगावचे घ्या, हिरवट पिवळे, आंबटगोड, या केकला ते काळ्या मनुकांपेक्षा जास्त शोभतात.

मैद्यात कॉर्नफ्लॉर का? जपानमध्ये केकसाठी 'हाकुरिकिको' नावाचं कमी ग्लुटेनचं पीठ मिळतं. आपल्या मैद्यात ग्लुटेन त्यापेक्षा जास्त, केक चिवट होतो, म्हणून थोडा मैदा काढून कॉर्नफ्लॉर घालायचं. क्रीम चीज घेताना पाकिटामागचं वाचा, स्प्रेड म्हणून विकतात त्यात मीठ जास्त असतं आणि मग केक खारट लागतो. आणि चक्का! अर्धं क्रीम चीज काढून १०० ग्रॅम चक्का घातला तर केक मस्त होतो, किंचित आंबट, बर्लिनच्या जरा जवळ जाणारा. फक्त दही ताजं आणि गोडसर हवं, फुल फॅट दुधाचं, आणि फडकं फ्रीजमध्येच टांगायचं किंवा चाळणीवर ठेवून रात्रभर निथळू द्यायचं, बाहेर ठेवलंत तर उन्हाळ्यात सकाळपर्यंत आंबून जातं. सगळाच्या सगळा चक्का मात्र घालू नका, क्रीम चीजमधली स्निग्धता त्याच्यात नसते, केक कोरडा होतो.

आधी टिनची तयारी, कारण पीठ झाल्यावर एक मिनिटही थांबता येत नाही. टिनच्या तळाला बटर पेपर, कडेने पण बटर पेपरची पट्टी, टिनच्या काठाच्या वर तीन-चार सेंटिमीटर जाईल अशी, कारण केक वर चढतो आणि त्याला धरायला काहीतरी लागतं. टिन सुटा तळ असलेला असेल तर बाहेरून फॉइलचे दोन-तीन थर घट्ट गुंडाळा नाहीतर पाणी आत शिरून तळ लगदा होतो. बेदाणे दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवून, पुसून, तळाला पसरा. ओव्हन १६० डिग्रीला तापत ठेवा आणि एकीकडे पाणी गरम करायला ठेवा.

चीज, लोणी, दूध एका भांड्यात घ्या आणि ते भांडं गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवा, उकळतं पाणी नको, वाफ लागली की पुरे. विस्कने हलक्या हाताने हलवत राहा, गुठळ्या मोडतात आणि सगळं बासुंदीसारखं सरसरीत एकजीव होतं. खाली उतरवा. अंड्यांचा पिवळा आणि पांढरा भाग वेगळा करताना अंडी फ्रीजमधून नुकतीच काढलेली असू द्या, गार अंड्याचा पिवळा सहसा फुटत नाही. पिवळा एकेक करून कोमट मिश्रणात घालून फेटा, मग मैदा आणि कॉर्नफ्लॉर चाळून घाला, लिंबू घाला, आणि हे सगळं पीठ एकदा बारीक गाळणीतून गाळा. गाळायचा कंटाळा करू नका. मैद्याची एक गुठळी राहिली तरी ती तोंडात येते आणि या केकचं सगळं सुख तोंडातल्या त्या मऊपणातच आहे.

आता फेस, मेरिंग. जपानी हात कास्तेलापासून चारशे वर्षं ज्याच्यावर तयार झालाय ती ही स्टेप, तर आपणही इथे वेळ देऊ. भांडं स्टीलचं किंवा काचेचं, कोरडं, तेलकटपणा अजिबात नको, मी तर आधी लिंबाच्या फोडीने पुसून घेते. पांढऱ्यात दोन थेंब लिंबू टाकून बीटर कमी स्पीडवर चालू करा. साबणाच्या फेसासारखे मोठे बुडबुडे आले की साखरेचा तिसरा हिस्सा, बुडबुडे बारीक झाले की दुसरा, रेघा उमटायला लागल्या की उरलेली. घाई करून फुल स्पीडवर फेटलंत तर मोठे बुडबुडे अडकून राहतात, ओव्हनमध्ये ते भराभर फुगतात आणि बाहेर आल्यावर भराभर बसतात. आणि कुठे थांबायचं ते सांगते, माझे तीन केक इथेच चुकले होते. बीटर उचलला की फेसाची चोच उभी राहते, ती चोच टोकाला वाकलेली असली पाहिजे, पोपटाच्या चोचीसारखी. सरळ टोकदार उभी राहिली म्हणजे फेस जास्त कडक झाला. कडक फेस पिठात नीट मिसळत नाही, पांढरे गोळे राहतात, आपण ते मोडायला जास्त ढवळतो, शिवाय असा केक ओव्हनमध्ये एकदम उसळी मारून वर जातो आणि डोक्यावर फुटतो. केक व्हिडिओत कापसासारखा दिसतो म्हणून आपल्याला वाटतं फेस जितका घट्ट तितकं चांगलं, पण उलटं आहे, मऊ फेसच हळूहळू चढतो आणि चढलेला टिकतो.

मिसळायच्या वेळी चीजचं पीठ बोट घातल्यावर कोमट लागलं पाहिजे. गार झालं असेल तर ते घट्ट होऊन फेस दाबून टाकतं, परत पातेल्यावर धरा थोडं. फेसाचा एक डाव घेऊन पिठात विस्कनेच बिनधास्त मिसळा, हा पहिला डाव बळी जातो पण पीठ सैल करून देतो. उरलेला दोन वेळा करून, स्पॅट्युला मधोमध तळापर्यंत घालून, कडेने वर आणून उलटा करायचा, भांडं दुसऱ्या हाताने फिरवत राहायचं. पांढऱ्या रेघा दिसेनाशा झाल्या की थांबा. पीठ पडताना जाड रिबिनीसारखं पडायला हवं. टिनमध्ये ओता, एक काडी घालून गोल फिरवा, ओट्यावर दोनदा हलकेच आपटा.

पाण्याचं काय काम? टिन मोठ्या ट्रेमध्ये ठेवायचा आणि ट्रेमध्ये दोन सेंटिमीटर गरम पाणी. ओव्हनची हवा १६० असली तरी पाणी १०० च्या वर जात नाही, त्यामुळे टिनच्या कडा शांत राहतात आणि मधला भाग आणि कडा साधारण बरोबरीने शिजतात. पाणी नसेल तर कडा आधी शिजून घट्ट होतात, मधला भाग नंतर फुगायला लागतो, त्याला जायला जागा नसते, मग तो वर फाटतो. आपण खरवस किंवा कॅरमेल पुडिंग थेट आचेवर न ठेवता पाण्यावर वाफवतो ते याच्यासाठीच, अंडं आणि दूध दोघांना जोरात उष्णता सोसत नाही. मोरोझॉफवाले चीजकेकच्या आधी, १९६२ पासून, कस्टर्ड पुडिंग विकायचे हे मला कळलं तेव्हा फार छान वाटलं होतं, घर तेच, अंड्याचा लाड तोच.

सगळ्यात खालच्या रॅकवर ठेवा. १६० वर २० मिनिटं, मग १४० वर आणून अजून ४५ मिनिटं. ओटीजी लहान असतो, वरची रॉड केकच्या डोक्याच्या अगदी जवळ असते, म्हणून पहिली २० मिनिटं दोन्ही रॉड चालू ठेवते आणि रंग आला की फक्त खालची. आणि पन्नासेक मिनिटं होईपर्यंत दार उघडायचं नाही, कितीही मोह झाला तरी, काचेतून बघा. माझ्या ओटीजीचा काटा १६० दाखवतो तेव्हा आत १८० असतं हे मला दोन-तीनशे रुपयांचा ओव्हन थर्मामीटर घेतल्यावर कळलं, तुमचाही तपासून घ्या, बऱ्याच लोकांचे केक रेसिपीमुळे नाही तर या काट्यामुळे फुटतात. शिजलाय का ते बघायला मधोमध विणायची सुई घाला, ओलं पीठ लागू नये, ओलसर दोन कण चालतील. ट्रे हलवला तर केक एकसंध थरथरला पाहिजे, नुसता मधला गोल डचमळत असेल तर अजून दहा मिनिटं.

मग ओव्हन बंद, दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेवा, आणि २०-२५ मिनिटं केक आतच राहू द्या. हे शेवटचं वाट बघणं फार महत्त्वाचं. एकदम बाहेर काढलात तर आतली गरम हवा झपकन आक्रसते आणि केकला कंबर पडते, कडा आत ओढल्या जातात. असं हळू उतरवूनही तो सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खाली बसणारच आणि वर थोड्या सुरकुत्या पडणारच, ते बिघडलेलं नाही, नांब्याच्या केकवर पण अर्ध्या तासात सुरकुत्या पडतात. पूर्ण बसून खाली दाट पिवळा थर आणि वर स्पंज असं दिसलं तर मात्र मिसळणं कमी पडलंय किंवा फेस मिसळताना मेला, म्हणजे पीठ गार होतं. ऑम्लेटसारखा वास आला तर जास्त भाजला गेलाय, पुढच्या वेळी दहा मिनिटं कमी. तळ ओला चिकट, तर फॉइलमधून पाणी आत आलंय.

बाहेर काढल्यावर पेपर धरून उचला, पेपर सोडवा. चमचाभर जर्दाळूचा जॅम गरम पाण्यात सैल करून ब्रशने वर लावा, जपानी दुकानात ती चकाकी असते ती बरेचदा याचीच.

आता खायचा कसा, यावर जपानात पण दोन पक्ष आहेत. गरम खाल्ला तर जवळपास सुफ्लेच, अंड्याचा आणि दुधाचा वास पुढे, तोंडात घातला की विरघळतो आणि जिभेवर बारीक फसफस होते, त्याला ते 'शुवाशुवा' म्हणतात. गरम तुकडा कानाजवळ नेऊन चमच्याने हळूच दाबा, आवाज खरंच ऐकू येतो, हवेचे बारीक बुडबुडे मोडतात त्याचा. आणि मऊपणाला म्हणतात 'फुवाफुवा', जो आपल्या लुसलुशीतच्या अगदी जवळचा शब्द आहे. तोच केक रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला की फसफस जाते, चीज जागं होतं, दाटपणा येतो आणि तो मोरोझॉफच्या बाजूला झुकतो. मला स्वतःला दुसऱ्या दिवशीचा आवडतो, घरात बाकी सगळे गरम असतानाच संपवायच्या मागे असतात, म्हणून मी एक चतकोर आधीच डब्यात घालून आत ठेवते.

अंडं न खाणाऱ्यांसाठी. अंड्याशिवाय सुफ्ले चीजकेक होतो असे व्हिडिओ आहेत, मी ते करून बघितलेत, केक होतो पण हा केक होत नाही, कारण वर सांगितलं तसं इथे फुगवणारं दुसरं काहीच नाहीये. तुम्ही रेअर करा, तोही तितकाच जपानी. फक्त जिलेटिन प्राण्यांचं असतं, त्याच्या जागी चायना ग्रास वापरा. नाव चायना असलं तरी ही वस्तू जपानची, तिथे तिला 'कांतेन' म्हणतात आणि क्योतोजवळच्या फुशिमीत सतराव्या शतकात ती सापडली असं सांगतात, समुद्री शेवाळाची खळ थंडीत बाहेर राहून गोठली आणि वाळली त्यातून. २०० ग्रॅम क्रीम चीज, १०० ग्रॅम गोडसर चक्का, ७० ग्रॅम साखर, १०० मिली फ्रेश क्रीम, लिंबू, हे फेटून खोलीच्या तापमानाला ठेवा. थंडगार नको. चायना ग्रासची पावडर एक सपाट छोटा चमचा १५० मिली पाण्यात दोन मिनिटं नीट उकळा, नुसती विरघळवून चालत नाही, उकळलीच पाहिजे, आणि गरम असतानाच पातळ धारेने चीजमध्ये ओतत फेटा. चीज गार असेल तर चायना ग्रास तिथल्या तिथे दोऱ्या दोऱ्या होऊन जमतो, ४० डिग्रीच्या आसपासच तो धरायला लागतो, जिलेटिनसारखा फ्रीजची वाट बघत नाही. खाली बिस्किटाचा चुरा आणि लोणी दाबून त्यावर ओता आणि तीन तास फ्रीजमध्ये.

दोन्ही केक कापताना लांब सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या, दर कापाला परत. आणि फ्रीजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा, तीन दिवस चांगला राहतो, उघडा ठेवलात तर शेजारच्या आलं-लसूण पेस्टचा वास रात्रीतून ओढून घेतो.